बहात्तरचं इनाम

गावच्या शंकरपटाला पन्नास वर्षं झाली, म्हणून शर्यतीचा इतिहास लिहायला गुरुजी म्हाताऱ्या आश्रुबाच्या ओट्यावर येऊन बसले.

"बहात्तरच्या दुष्काळात तुमचीच बैलजोडी पहिली आली. पण इनाम काय मिळालं, ते कुठंच लिहिलेलं नाही."

"पाणी," आश्रुबा थकल्या आवाजात म्हणाला. "सोसायटीच्या हौदात एकाच जोडीपुरतं उरलं हुतं. पहिली येईल तिनं प्यावं, असं ठरलं."

"जोरात पळाले असतील बैल!"

"न्हाई वो. चालतच गेले."

"आणि दुसरी जोडी कुणाची होती?"

आश्रुबानं शेजारच्या घराकडं बोट केलं.

"धाकट्या भावाची, बन्सीची. त्याचे बैल तिथंच बसले, ते उठलेच न्हाईत. तवापासनं त्यानं माझ्या घरचं पाणी तोंडाला लावलं न्हाई."