चहाला आलेली शेजारीण

"घरात आणखी कोण राहतं?" सरकारी कचेरीतल्या बाईनं फोनवर विचारलं. सोबत राहणाऱ्या ऑल्वेनचीही पेन्शन हिशेबात धरली, तर हिवाळ्यात घर तापवण्यासाठीची मदत हातची जाणार होती. म्हातारा एमरिस म्हणाला, "कोणी नाही. एकटाच असतो." तेवढ्यात ऑल्वेनला खोकल्याची उबळ आली. "मग खोकतंय कोण?" "शेजारीण. चहाला आलीये." नऊ वर्षं त्याच्याबरोबर संसार करणारी ऑल्वेन उठली. कोट चढवून ती परसात गेली. बाईचे प्रश्न अर्धा तास चालले. खिडकीतून एमरिसला ती बर्फात तोंडावर मफलर दाबून खोकताना दिसत होती. अखेर मदत मंजूर झाली. तिला आत आणून त्यानं हीटर लावला. "अगं ऑल्वेन, दुसरा इलाज नव्हता." "कळतं मला." तिनं कोट काढला नाही. "उद्या कोणी तपासायला आलं, तर? जरा शेकते आणि स्वान्सीला बहिणीकडे निघते."