निळ्या मण्याचा दोरा

ल्युबेनची बायको इस्पितळात वारली, त्या दुपारी त्याने पाच वर्षांच्या लेकीला, रालित्साला आणायला भावाला बालवाडीत पाठवलं. तासाभरात त्याचा फोन आला. “दादा, पोरगी फाटक सोडत नाही. उचलली तर चावली! माझा दोरा दाखवला, तर म्हणते, यात निळा मणी कुठाय?” मार्चपासून झाड फुलेपर्यंत सगळं गाव मनगटाला लाल-पांढरा दोरा बांधतं आणि मग तो सोडून फुललेल्या फांदीला बांधतं; निळा मणी मात्र बायकोने दोनच दोऱ्यांत ओवला होता, स्वतःच्या आणि लेकीच्या. “हा मणी आणेल त्याच्याबरोबरच जायचं, सख्खा काका असला तरी!” तिने लेकीला बजावलं होतं. नर्सने कापून दिलेला तिचा दोरा ल्युबेनच्या मुठीतच होता. तो तसाच धावला. मणी पाहताच रालित्साने फाटक सोडलं. “बाबा, झाड फुलायच्या आधीच आईने दोरा का कापला?” आता अंगणातल्या जर्दाळूचा बहरही गळाला. दोन्ही दोरे अजून फांदीला बांधायचे राहिलेत.