धनेशचं टूल

ही १९९९ सालची गोष्ट. हमरापूरची ऋतुजा पेणच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिथल्याच इंटरनेटवरून ती रुबी नावाची नवी प्रोग्रॅमिंगची भाषा आपली आपण शिकली. मग वर्षभर खपून तिने प्रोग्रॅममधल्या चुका शोधून दाखवणारं एक टूल लिहिलं. ते जगभरच्या रुबीवाल्यांना ई-मेलने पाठवायचं म्हटल्यावर बाबा म्हणाले, "पोरीचं नाव परक्या मानसांना कशाला गो? भावाचं टाक."

तिने धाकट्या धनेशचं नाव टाकलं.

त्या आठवड्याच्या रुबीवाल्यांच्या ई-मेल बातमीपत्रात धनेशच्या टूलचं भरभरून कौतुक आलं. महिन्याभरात पुण्याच्या एका कंपनीने धनेशला नोकरीच देऊ केली. काम पाहिलंय, मुलाखतीची गरज नाही, असं ई-मेलमध्ये लिहिलं होतं.

"बाबा, ते काम माझं हाय," ऋतुजा म्हणाली.

"व्हय, माहीत हाय. पन तुला एकटीला पुन्याला कोन धाडील? त्याचं तरी भलं होऊ दे."

आईने आळीत पेढे वाटले. ऋतुजाने आपला पेढा तसाच ताटलीत ठेवला. तरी तिने धनेशची बॅग भरली आणि ती त्याला पेणच्या स्टँडवर सोडायला गेली.

पुण्याची एसटी हलली, तसं धनेशने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.



"ताई, ती रुबी सोमवारपर्यंत शिकून होईल ना गो?"