कोरा नमुना

चार दिवस तळ्याचं पाणी तपासणारं यंत्र एकच सांगत होतं: पाण्यात शेवाळ नाही, जंतू नाहीत, पण उतरणाऱ्यांपैकी एकाला कर्करोगाची सुरुवात आहे. कोणाला, ते यंत्राला कळत नसे. खात्री होईपर्यंत कुणाला घाबरवू नका, अशी ऑफिसची ताकीद होती.

तळं सांभाळणाऱ्या इंदुमतीच्या जिवाला चैन नव्हतं. रोज पोहायला येणारे सातच जण. ती प्रत्येकाकडे टक लावून बघायची. काल न राहवून तिने बर्वेकाकूंना विचारलंच, "काकू, वजन उतरलंय का हो तुमचं?"

"तुझ्या तोंडात साखर पडो!" काकू खूश झाल्या.

आज तिने फाटक उघडलंच नाही. रात्रभर गाळणी चालवून पाणी स्वच्छ केलं होतं. आता एकेकालाच आत सोडायचं, म्हणजे कळेल.

"अगं, किती ताटकळत ठेवशील?" काकू बाहेरून ओरडल्या.

"आधी रिकाम्या तळ्याचा नमुना घेते. मग पहिल्या तुम्ही!"

नमुना धक्क्यावरून, दोरीला बाटली बांधून घ्यायचा नियम होता. पण दोरीवरची बाटली नुसती तरंगत राही. म्हणून इंदुमती रोजच्यासारखी साडी खोचून गुडघाभर पाण्यात उतरली, हाताने बाटली बुडवून भरली आणि यंत्रात ओतली.

यंत्राने पुन्हा तेच सांगितलं.

"येऊ का गं आत?" काकूंनी हाक मारली.

फाटकाला अजून कुलूप होतं. इंदुमती आपल्या ओल्या पायांकडे बघत राहिली.