एकट्या औषधाचा वर्ग

वर्गातली ही मुलं जन्मायच्या आधीच एड्स जगातून संपला होता आणि त्याची औषधं बनवणारे कारखानेही बंद झाले होते. निवृत्तीनंतरही शिकवायला येणाऱ्या देवस्थळीबाई मात्र रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला त्यातलं एक औषध मुलांकडून इतिहास म्हणून बनवून घेत. तयार पूड तपासायची आणि कचऱ्याच्या बरणीत ओतायची, असा रिवाज होता. मग मागच्या वर्षी रोग परत आला.

"रेणुका, पूड छान पांढरी झालीय. गेल्या खेपेला पार पिवळी हळद केली होतीस. चल, ओत आता."

रेणुकाने कुपी मुठीत घट्ट धरली. "बाई, दादाचा ताप उतरत नाहीये. बाहेर कुठेच औषध नाही."

"अगं, याच्या जोडीला आणखी दोन औषधं लागतात, आणि ती बनवणं आपल्या आवाक्यातलं नाही. हे एकटं दिलं की थोडे महिने बरं वाटतं, तोवर विषाणू याला सरावतो. मग तोच दुसऱ्यांत पसरतो आणि त्यांनाही हे लागू पडत नाही. तरुणपणी मी इस्पितळाच्या वॉर्डात पाहिलंय. माणसं उठून बसायची, भात मागून घ्यायची. आणि मग..."

"दादा जेवेल?"

बाईंनी कचऱ्याच्या बरणीचं झाकण उघडून तिच्यापुढे सरकवली.

"सांगा ना बाई, जेवेल का तो?"

"जेवेल," बाई हळूच म्हणाल्या.

बाईंनी मान वर केली. एकेक मूल आपापली कुपी खिशात घालत होतं, आणि कुणीही कुणाकडे बघत नव्हतं.