अकरा वर्षं जास्त

“काका, तुमच्या पेशी पंचावन्न वर्षांच्या आहेत,” संशोधक मुलगी म्हणाली. “म्हणजे तुमच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान.”

सर खूश झाले. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या बायकोकडे बघून त्यांनी भुवया उडवल्या. शाळेतून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली होती, तरी गल्लीत सगळे त्यांना अजून ‘हसरे सर’च म्हणत.

मुलीने दुसरा कागद पुढे ओढला. तिचा आवाज जरा खाली आला. “काकू, तुमच्या पेशींचं वय आलंय एकोणसत्तर. तुमचं खरं वय…”

“अठ्ठावन्न.”

“म्हणजे अकरा वर्षं जास्त.”

“घ्या! म्हणजे ही माझ्याहून चौदा वर्षांनी मोठी झाली,” सर म्हणाले. “आता हिला मीच अहो-जाहो करायला हवं.”

मुलीला हसू आलं. ते तिने लगेच आवरलं आणि ती समजावून सांगायला लागली. पेशीच्या आत धागे असतात, त्यांची टोकं वयाबरोबर झिजत जातात. काही जणांची लवकर झिजतात.

“टोक सुटलं की कापड उसवत जातं, तसंच ना?” बाईंनी विचारलं. त्या घरी शिवणकाम करत.

“अगदी तसंच. आणि आमच्या अभ्यासात असं दिसतंय, की सारखी चिडचिड करणाऱ्या, सारखी धास्ती बाळगणाऱ्या माणसांमध्ये ही झीज जास्त असते.” तिने प्रश्नावली चाळली. “तुम्ही लिहिलंय, राग येतो का? नेहमी. काहीतरी वाईट होणार असं वाटतं का? नेहमी. इतकं कशाने वाटतं, काकू?”

“वाटत नाही. होतं. महिन्यातून तीनदा तरी.”

मुलीला कळलं नाही. बाईंनी सांगितलं, की घरी मुलगा आहे. सव्वीस वर्षांचा, पण अजून बाळच म्हणतात त्याला. बोलत नाही, हाताला धरल्याशिवाय चालत नाही आणि त्याला फिट येतात. आत्ता शेजारची सून त्याच्याजवळ बसली आहे. दोन वाजेपर्यंत.

“पण काकांनाही तोच मुलगा आहे ना?” मुलगी जपून म्हणाली. “तरी त्यांच्या कागदावर बघा. राग? कधीच नाही. धास्ती? कधीच नाही.”

“मी हिला जन्मभर हेच सांगत आलोय,” सर म्हणाले. “त्रागा करून काय मिळतं? होईल सगळं नीट.”

“नीट झालं ते कसं झालं, तेही सांगा ना,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. “तळमजल्यावरची खोली घरमालकाने आपणहून दिली? औषधवाल्याने चुकीच्या गोळ्या दिल्या, तेव्हा त्याच्या दुकानात जाऊन कोण भांडलं? मी. आणि मागाहून हे गेले आणि त्याची माफी मागून आले. म्हणाले, बायको जरा तापट आहे.” त्या मुलीकडे वळल्या. “हे चिडत नाहीत कारण यांच्या वाटचं मी चिडते. तुमच्या कागदावर असा काही प्रश्न होता का?”

“नाही, काकू,” मुलगी म्हणाली. “तसा नव्हता.”

मग मुलीने ड्रॉवरमधून एक अर्ज काढला. अभ्यासाचा पुढचा टप्पा होता. मन शांत करायचा आठ आठवड्यांचा वर्ग. रोज दुपारी एक ते चार, इथेच. फी नाही. शेवटी पुन्हा रक्त तपासायचं. काही जणांची झीज थांबू शकेल अशी त्यांना आशा होती.

“दुपारी मला जमायचं नाही,” बाई म्हणाल्या.

“का नाही जमायचं?” सर ताठ बसले. “मी आहे ना घरी! तू खुशाल ये. बाळाचं मी बघतो.”

मुलीने कौतुकाने त्यांच्याकडे पाहिलं आणि अर्ज बाईंपुढे सरकवला. बाईंनी पेन उचललं. नाव लिहिलं. वय लिहिलं.

“तेवढं गोळ्यांचं मात्र सांगून ठेव हं,” सर म्हणाले. “आणि काय गं, फिट आली की आधी काय करायचं असतं?”

बाईंचं पेन थांबलं. सव्वीस वर्षांत प्रत्येक वेळी सर उठून बाहेर गेले होते. त्यांना बघवत नसे. मन हळवं आहे, असं सगळे म्हणायचे.

बाईंना हसू फुटलं. आधी नुसतंच नाकातून, मग इतकं की त्यांना टेबलाची कड धरावी लागली. डोळ्यांतून पाणी आलं. मुलगी घाबरून पाण्याचा ग्लास घेऊन उठली.

“बघा,” सर तिला म्हणाले, “वर्ग सुरू व्हायच्या आधीच फरक पडला.”

बाईंनी पदराने डोळे पुसले. अर्ज उलटा करून ठेवला.

“कुशीवर वळवायचं,” त्या म्हणाल्या. “तोंडात काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. घड्याळाकडे बघत बसायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर उचलून दवाखान्यात न्यायचं. आणि तोवर डोक्याखाली आपला हात ठेवायचा, म्हणजे जमिनीवर आपटत नाही.”

सरांनी सगळं मान डोलावत ऐकून घेतलं.

“एवढंच ना?” ते म्हणाले.