पहिला घास

इसुलने तोंड उघडलं होतं. आजीने मसाला भरलेली कोबीच्या पानाची गुंडाळी तिच्या ओठांपर्यंत आणली आणि तिथूनच मागे नेली.

"राहू दे. हेरिमला येऊ दे आधी."

आता बोला. किमचीचा एवढा मोठा घाट घातलेला, अंगणात खारवलेल्या कोबीचा ढीग, शेजारच्या दोघी बायका लाल रबरी हातमोजे चढवून खोळंबलेल्या. आणि सगळं अडलं कुणासाठी? तर सोलहून वर्षा-दोन वर्षांनी उगवणाऱ्या चुलत बहिणीसाठी. इसुलने तोंड मिटलं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

कोबी मिठात कुणी घातला? इसुलने. मुळा कुणी किसला? इसुलने. दर शनिवारी ग्वांगजूहून बस पकडून हेनामला कोण येतं, आजीला दवाखान्यात कोण नेतं? हल्ली तर ती आजीला सुरीसुद्धा धरू देत नसे. म्हातारं माणूस जपायचं असतं, असं तिला मनापासून वाटे. आणि या हेरिमने आजीच्या हातावर कधी एक गोळी ठेवली असेल तर शपथ.

हेरिम आली तीच फाटकातल्या कुत्र्याशी खेळत. आजीने घास तिच्या तोंडात कोंबला आणि तिच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहिली. अशी नजर आपल्या वाट्याला कधी आली, ते इसुलला आठवेना.

"आजी, समुद्र ओतलास की काय यात? माणसांनी खायची आहे ना ही?"

"ताई, तिच्या वयाकडे तरी बघ जरा," इसुल फणकारली.

"वयाचा काय संबंध? मीठ जास्त झालंय."

आजी खळखळून हसली. तिने परातीत आणखी मुळा घातला, मसाला पुन्हा कालवला, पुन्हा हेरिमलाच चाखवला. हेरिमने मान डोलावली तशा बायका कामाला लागल्या, आणि हेरिम सगळ्यांच्या जेवणासाठी चुलीवर ठेवलेलं मांस शिजलं का ते बघायला आत गेली.

आता मात्र इसुलला राहवलं नाही. "राबायचं मी आणि घास तिला. मी तुझी कुणीच नाही का गं?"

आजीने सावकाश हातमोजे काढले. "माझ्या जिभेची चव गेलीय. बरेच दिवस झाले. खारट, तिखट, काही म्हणजे काही कळत नाही."

"मग मला विचारायचंस."

"विचारलं होतं की. गेल्या वर्षी हेरिमला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा पहिला घास तुलाच दिला. मस्त झालीय म्हणालीस. मी ती गावभर वाटली. हेरिमलाही पाठवली, तर तिचा फोन, आजी, तोंडात धरवत नाही. तुला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं," इसुल खाली बघत म्हणाली. "पण तुला वाईट वाटलं असतं."

"मग वाटू द्यायचंस," आजी म्हणाली. "वाईट वाटण्याइतकी जिवंत आहे मी अजून."